वर्डमध्ये टायपिंग पटापट व्हावं म्हणून आधी कोणते शॉर्टकट शिकावेत?

परभणीत माझं टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळं रोजच्या सवयीचं सांगतो. यादी पाठ करत बसू नका. ज्या कामासाठी हात सारखा माउसकडं जातो, त्याचाच शॉर्टकट आधी घ्या.

माझं अर्धं दुकान कंट्रोल + एच वर चालतं, म्हणजे एक शब्द शोधून त्याजागी दुसरा टाकणं. एकाचा अर्ज तयार असला की दुसऱ्यासाठी नाव, गाव, गट नंबर बदलायचा, बस्स. पण ‘सगळे बदला’ डोळे झाकून दाबू नका. ‘राम’चा ‘श्याम’ करायला गेलात तर ‘रामपुरी’ची ‘श्यामपुरी’ होते! झालंच तर लगेच कंट्रोल + झेड, केलेला बदल मागे जातो.

शब्दाशब्दानं सरकायला कंट्रोल + बाण. सोबत शिफ्ट धरलं की मजकूर निवडला जातो. नवीन पानासाठी एंटर बडवण्यापेक्षा कंट्रोल + एंटर. मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलायला विंडोज + स्पेस. शिफ्ट + एफ ३ कॅपिटल-स्मॉल बदलतं, आपल्या देवनागरीला त्याचा उपयोग शून्य.

आणि सेव्ह करायला कंट्रोल + एस, दर दोन-चार ओळींनी. इकडं लाईट कधी जाईल, नेम नाही. पूर्ण टाईप झालेलं खरेदीखत गेलंय माझं एकदा, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना.