पीपीसीला (प्रॉडक्शन प्लॅनिंग अँड कंट्रोल, कारखान्यात काय कधी बनवायचं ते ठरवणारं डिपार्टमेंट) नवीन लागलायस ना? मग हे बघून ठेव
अरे, एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, किती माल कधी लागेल ते काढणारं सॉफ्टवेअर) रन केला की प्लॅन आपोआप तयार होतो असं समजू नकोस. ते सॉफ्टवेअर फक्त हिशोब करतं, कस्टमरचं शेड्यूल घेतं, बीओएम (एका वस्तूला लागणाऱ्या मालाची यादी) फोडतं, स्टोअरमधला स्टॉक आणि येणाऱ्या पीओ (आधीच दिलेल्या खरेदीच्या ऑर्डर) वजा करतं आणि लीड टाइम (माल यायला लागणारा वेळ) मागे मोजून सांगतं की कुठला माल कधी मागवायचा. म्हणजे ५०० शाफ्ट पाहिजेत, ८० तयार पडलेत, तर ४२० चं बार मटेरियल मागवेल. पण त्या ८० मधले ३० रिवर्कला (दुरुस्तीला) गेलेत आणि कोणी एंट्रीच मारली नाही, तर असेंब्ली लाइन थांबणार आणि फोन तुलाच येणार. म्हणून रिवर्क-रिजेक्शनची एंट्री शिफ्ट संपायच्या आत झालीच पाहिजे, सुपरवायझर "उद्या टाकतो" म्हणाला तरी मागे लागून करून घे. आणि हो, साधा एमआरपी मशीनची कपॅसिटी बघत नाही, एकाच सीएनसी मशीनवर एका दिवशी तीन दिवसांचं काम बिनधास्त टाकतो, त्यात मशीनच्या सेटिंगचा वेळ मास्टरमध्ये (सिस्टिममधल्या मूळ डेटात) बरेचदा जुनाच असतो, तो स्वतः शॉपवर उभं राहून मोज. बाजूला एक्सेल शीट सगळेच ठेवतात (मी पण), पण त्यातला आकडा सिस्टिममध्ये गेलाच नाही तर परचेसवाल्याला काय स्वप्न पडणार आहे? पहिले काही दिवस डॅशबोर्ड वगैरे राहू दे, स्टोअरकीपरशी जमवून घे.