जिना फक्त आईसाठीच अवघड होता का?

पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"आमची आई जानेवारीत प्रभूमध्ये निद्रिस्त झाली. मिरजेला नर्सिंग शिकून तिने पुण्यात 31 वर्षे नोकरी केली. रात्रपाळी संपवून ती थेट उपासनेला येई, नंतर शब्बाथशाळेत मुलांना शिकवी. वडील लवकर गेल्यावर तिने एकटीने आम्हा दोघा भावंडांना वाढवले. शेवटची अडीच वर्षे ती नाना पेठेत भावाकडे, तिसऱ्या मजल्यावर होती. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता येत नसे, म्हणून भाऊ दर रविवारी मोबाईलवर उपासना लावून देई. मी कोथरूडला असते. आता वर्षाच्या स्मरणोपासनेत वाचायचा जीवनवृत्तांत मला लिहायचा आहे. आईची तुलना पंडिता रमाबाईंशी करावी असे मला वाटते, भावाला ते अतिशयोक्त वाटते. कबरीच्या शिळेवर त्याला स्तोत्र 23 हवे आहे, मला बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 31व्या अध्यायातील ओवी. यावरून आमचे बोलणे थांबले आहे. मी काय करावे? ता. क. : अंत्यविधीच्या दिवशी मंडळीतील सहा तरुणांनी आईची पेटी त्या अरुंद जिन्यावरून जराही धक्का लागू न देता खाली आणली. त्यांचे आभार कसे मानावेत, तेही सुचवावे."

तुमचे पत्र मोठे आहे, पण मी ताज्या कलमापाशीच थांबले. शवपेटी अरुंद जिन्यावरून उतरवणे हे मोठ्या कष्टाचे काम असते. वळणावर ती तिरकी करावी लागते, वरच्या माणसांना वाकावे लागते आणि खालच्यांना सगळा भार खांद्यावर घ्यावा लागतो. त्या मानाने हात असलेल्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्या बाईला दोघा-तिघांनी धरून खाली आणणे कितीतरी सोपे, आणि पेठांमधल्या जुन्या इमारतींत आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असले की घरोघरी हेच करतात. म्हणजे जिना होता, खुर्ची होती, उचलणारे सहा तरुणही मंडळीत होते. अडीच वर्षांत साधारण 130 रविवार येतात. त्यांतल्या एकाही रविवारी त्या तरुणांना कोणी बोलावल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही.

भावाने मोबाईल लावून दिला, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. तुम्ही स्वतः काय केले, याविषयी मात्र पत्रात एक ओळही नाही. कोथरूडहून नाना पेठ म्हणजे काही परगाव नव्हे. तुम्ही दुःखात आहात हे मला दिसते, तरीही तुमची बाजू घेण्याची माझी तयारी नाही.

मोबाईलवर उपदेश ऐकू येतो. शेजारच्या बाकावरच्या बाईच्या आवाजात आपला आवाज मिसळून गीत म्हणता येत नाही, उपासना संपल्यावर दाराशी हात हातात घेऊन कोणी गुडघ्यांची चौकशी करत नाही, आणि प्रभुभोजनाची भाकर व प्याला तर त्या पडद्यातून मुळीच येत नाही. ज्यांना चर्चला येणे शक्य नसते त्यांच्याकरिता पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, घरी येऊन प्रभुभोजन देतात. आयुष्यभर मंडळीत वावरलेल्या कुटुंबाला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. फक्त कोणीतरी एक फोन करायचा असतो. तो झाला होता का?

रमाबाईंचे नाव तुम्ही काढलेच आहे, तर त्यांनी काय केले तेही आठवा. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात लोक उपाशी मरत होते, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुली-विधवांना सोबत घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. स्वतः उठून जायचे आणि अडकलेल्या बाईला घेऊन यायचे, ही त्यांची भक्ती होती. तुलना तुमच्या आईशी करण्याआधी ती आपल्या दोघा भावंडांशी करून पाहा, आणि मग वृत्तांतातून ते नाव गाळून टाका.

नीतिसूत्रांचा तो अध्यायही शिळेवर कोरण्यापूर्वी एकदा सावकाश वाचा. दहाव्या ओवीपासून एकतिसाव्यापर्यंत बावीस ओव्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक त्या स्त्रीच्या श्रमांविषयी आहेत: ती लोकर आणि ताग आणते, रात्र सरण्यापूर्वी उठते, शेत पारखून विकत घेते, गरिबाला हात देते. तिचे देवभीरूपण येते ते थेट शेवटून दुसऱ्या ओवीत, आणि शेवटची ओवी सांगते की तिच्या हातांचे फळ तिला द्या. ज्यांनी ते दिले त्यांनी ती ओवी खुशाल कोरावी.

आता तुम्हाला एकच गोष्ट करायची आहे. वृत्तांतात मिरज, रात्रपाळ्या, शब्बाथशाळा हे सगळे लिहाच (रात्रभर वॉर्डात उभे राहून सकाळी मुलांना गीते शिकवणाऱ्या बाईविषयी तुम्ही मला अवघे एक वाक्य लिहिलेत, तिथे दोन पाने हवीत), पण शेवटच्या वर्षांपाशी आल्यावर "आजारपणामुळे घरूनच उपासना करीत असत" असे गुळगुळीत वाक्य लिहून पुढे जाऊ नका. तिला चर्चला जायचे होते, आम्ही तिला खाली उतरवले नाही, असे लिहा. कर्ता "आम्ही"च ठेवा. भावाचे नाव नको, वहिनींचे तर नकोच. लगेच पुढच्या वाक्यात त्या सहा तरुणांची नावे घ्या आणि सांगा की त्यांना बोलावले असते तर ते आधीही आले असते. त्यांचे आभार तिथेच मानले जातील. वेगळी शाल किंवा नारळ काही नको.

हा परिच्छेद भावाने चर्चमध्ये पहिल्यांदा ऐकता कामा नये. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. या आठवड्यात ते तीन मजले चढून जा आणि त्याच्यासमोर बसून वाचा. तो चिडेल, कदाचित उठून आत जाईल. तरी बसून राहा, कारण आईच्या जाण्यानंतर त्याच्याशी खरे काही बोलणारे माणूस त्याला तुम्हीच असाल. त्याने एखादे वाक्य बदलायला सांगितले तर बदला, "आम्ही" मात्र काढू देऊ नका.

शिळेचा वाद त्याच दिवशी सोडून द्या. त्याला स्तोत्र 23 हवे आहे, ते असू दे. आईला तेही पाठ असणार. तुमच्या वतीने एवढेच मागा की नावाखाली, जन्ममृत्यूच्या तारखांच्या आधी, "परिचारिका" असे कोरावे.