माझ्यामागे वॉर्ड कोण बघणार?

प्रश्न : आदरणीय मावशी, मी वेंगुर्ला तालुक्यातली, वय ३१, परिचारिका. तीन वर्षं आफ्रिकेतल्या मलावी देशात एका मिशन इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात सेवा करते. आमच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी मला दोन महिन्यांच्या रजेवर जवळजवळ ढकलूनच घरी पाठवलं. येऊन तीन आठवडे झाले, पण झोप नाही. पहाटे उठून वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण बाळंत झालं ते बघत बसते. चार मंडळ्यांनी, म्हणजे चर्चांनी, साक्ष द्यायला, सेवेतले अनुभव सांगायला बोलावलंय. परवा उपासनेनंतर एक वडीलधारे म्हणाले, "केरीसाहेब हिंदुस्थानात आले ते मरेपर्यंत चाळीस वर्षं मायदेशी गेले नाहीत. तू तीन वर्षांत दमलीस?" मला उत्तर सुचलं नाही. विसावा घेणं ही सेवेतली कुचराई आहे का? तिकीट अलीकडचं करून घेऊ का?

उत्तर : बाय, संपादकांनी तुझं पत्र माझ्याकडे धाडलं, कारण मीही मलावीतच होते, नऊ वर्षं. 'तू' म्हणते, रागावू नकोस.

आधी केरीसाहेब, कारण ते वाक्य तुला फार लागलेलं दिसतं. विल्यम केरी हे इंग्रज मिशनरी १७९३ साली बंगालात आले आणि १८३४ साली तिथल्याच श्रीरामपूरला वारले. मध्ये परत गेले नाहीत, हे खरं. पण ते एकट्याने काय करत होते? जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे दोघे मिशनरी सोबतीला होते. एकत्र घर, एकत्र जेवण, पैसा एकाच पेटीत. हॅना मार्शमनबाई शाळा चालवून त्या घराला हातभार लावत. आपल्या मराठीचं व्याकरण केरींनी १८०५ साली छापलं, त्यामागेही वैजनाथ पंडित होते. शिवाय साहेबांना झाडांचं वेड. श्रीरामपूरला त्यांनी मोठी बाग केली होती आणि पहाटे ते तिथेच फिरत, प्रार्थना करत. त्या वडीलधाऱ्यांना विचार, बागेबद्दल कधी साक्षीत ऐकलंय का?

आणि त्यांची पहिली बायको डोरोथी. तिची यायची इच्छाच नव्हती. १७९४ साली पाच वर्षांचा मुलगा गेला, तिचं मन बिघडलं ते सावरलं नाही. १८०७ साली गेली बिचारी. मी केरींना नावं ठेवत नाही. पण चाळीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर तिचीही वर्षं त्यात धरावी लागतील.

आता माझी गोष्ट. ही मी कुठल्याच साक्षीत सांगितलेली नाही.

औषधांच्या कपाटाची चावी माझ्या गळ्यात असायची. दोरीत ओवून. ड्युटी संपली तरी, रविवारी देवळातसुद्धा. मला वाटे, हीच निष्ठा. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे तिथला पाऊस आणि मलेरिया दोन्ही जोरात असताना, मीच तापाने पडले. सहा दिवस. चावी तिथल्या एका नर्सने माझ्या उशाखालून काढून नेली, मला शुद्ध नव्हती. तिथे पेशंटबरोबर घरचं माणूस येतं, गार्डियन म्हणतात त्याला, तू बघतेसच. आवारात चूल मांडून तेच पेशंटचा स्वयंपाक करतं. माझं तर कोणीच नव्हतं. मग बाळंतिणीबरोबर आलेल्या एका आजीने सहा दिवस मला मक्याची पेज करून भरवली. फाला म्हणतात ती. मी नको नको म्हणत होते. तिने चमचा खाली ठेवला नाही.

सातव्या दिवशी वॉर्डात गेले तर सगळं जागच्या जागी. औषधं आणखी नीट लावलेली. मला आनंद व्हायला हवा होता, मला राग आला. खरं सांगते, खूप राग आला. तो त्या नर्सने ओळखला असावा. ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, चावी तुमच्याकडे होती तेव्हा रात्री औषध लागलं की आम्ही धावत तुमच्या घरी यायचो. तोवर पेशंट थांबायचा."

तोवर पेशंट थांबायचा! चार वर्षं मी जिला सेवा म्हणत होते, तिचा एक भाग हा होता.

म्हणून कुचराईचा तुझा प्रश्न मला उलटा दिसतो. बायबलातल्या निर्गमाच्या २३व्या अध्यायात सातव्या दिवशी थांबायचं कारण दिलंय ते वाच. तुझ्या बैलाला, गाढवाला विसावा मिळावा, तुझ्या दासीच्या मुलाला आणि परक्याला हुशारी, म्हणजे तरतरी, यावी. मालक थांबल्याशिवाय बैलाचं जू उतरत नाही. तू पहाटे चार वाजता ग्रुपवर निळ्या खुणा उमटवतेस तेव्हा तिथल्या मुलींना काय वाटत असेल, याचा विचार केलास? ग्रुपमधून बाहेर पड. डॉक्टरबाईंना सांगून पड, पण आजच पड.

साक्षीचं म्हणशील तर चारपैकी एकच मंडळी घे, तीही ऑगस्टात. बाकीच्या रविवारी मागच्या बाकावर बस आणि नुसती गाणी म्हण. आईला दमल्याचं सांग. ती पाळकांना परस्पर सांभाळून घेईल, आयांना ते जमतं.

झोपेची गोष्ट वेगळी. बायबलातला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. तुझी झोप आणखी दोन आठवड्यांत आली नाही, किंवा उगाच रडू यायला लागलं, तर डॉक्टरला दाखव. श्रद्धा कमी पडली असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. आणि ताप आला तर 'पावसातला असेल' म्हणून काढा पीत बसू नकोस. आफ्रिकेतून आलेय हे आधी सांगायचं आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचं. तू नर्स आहेस, तरी सांगते, कारण मी नर्स असूनच पडले होते.

माझ्या पडवीतून बंदर दिसतं. १ जून ते ३१ जुलै मासळीबंदी, त्यामुळे होड्या वर ओढून शाकारलेल्या आहेत. शेजारचा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, दुपारी जाळ्याची भोकं भरतो आणि मधेच तिथेच आडवा होतो. जून लागला की पहिले काही दिवस तोही बायकोवर खेकसत असतो, किनाऱ्यावर फेऱ्या मारतो. मग हळूहळू निवळतो. तुझे अजून ते पहिले दिवसच चाललेत.

तिकीट बदलू नकोस. आणि परत गेलीस की लगेच चावी मागू नकोस. जिच्याकडे आहे तिच्याकडे राहू दे, रात्री औषध लागलं तर ती जवळ असेल.