पलंगावरून खुर्चीत

प्रश्न : बारावी झालेय. नागपुरातच दिव्यांगांना घरी जाऊन मदत करायचं काम हवंय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, महाल

उत्तर : अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची (दिव्यांगांसंबंधीच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केंद्राची संस्था) मान्यता आहे का ते बघा, मगच फी भरा. विशेष शिक्षक व्हायचं तर परिषदेकडे नोंदणीही लागते.

खरा कस लागतो तो पलंगावरून व्हीलचेअरमध्ये बसवताना. अर्धांगवायू असेल तर खुर्ची त्यांच्या धडधाकट बाजूला, जरा तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करा. घाईत नेमक्या त्याच राहतात आणि नडगी सोलवटते. लुळा हात धरून तर कधीच ओढू नका, खांदा निखळतो. आणि हात लावण्याआधी त्यांना विचारा, बरं का! सामान थोडंच हलवताय?