अमेरिकेची राज्यघटना वाचायला घेताय? आधी १७८१ पाहा

थेट १७८७च्या फिलाडेल्फियात, म्हणजे ही घटना जिथे लिहिली गेली त्या सभेत, जाऊ नका. आधी १७८१ची कॉन्फेडरेशनची, म्हणजे तेरा राज्यांच्या सैल संघाची, व्यवस्था समजून घ्या. काँग्रेसला, म्हणजे या संघाच्या मध्यवर्ती सभेला, कर लावायचा अधिकारच नव्हता, राज्यांपुढे हात पसरावे लागत. आणि कुठलाही बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. हे दुखणं कळलं की नवी घटना का लिहावी लागली ते उलगडतं.

मूळ मजकूर सात अनुच्छेदांचाच, स्वतः वाचाच. नव्या संसदेच्या दोन सभागृहांपैकी सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोन जागा, प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार, ही तडजोड नीट पाहा. त्या लोकसंख्येत पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली होती. ते वाक्य घाईने ओलांडू नका, मला ते आजही अस्वस्थ करतं. 'गुलाम' हा शब्द मात्र तिथे सापडणार नाही.

हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१च्या, त्या नंतर घ्या.