प्लास्टिकच्या मिगला रेझिनचं नाक

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. मॉडेलच्या टेबलावर मात्र ते अजून ठाण मांडून आहे. या अंकातले सगळे प्रश्न त्याच विमानाचे आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १/४८ मापाचं मिग-२१ बिसचं किट आहे. त्याचं बायसन, म्हणजे बिसची आधुनिक केलेली आवृत्ती, करायला रेझिनचा कन्व्हर्जन संच (किटमधले भाग बदलणारे सुटे भाग) आणला. त्यात नाकातला शंकू (नोज कोन), कॉकपिटचा टब, जेटपाइप, काही बारीक भाग आणि पातळ पारदर्शक विंडस्क्रीन आहे. प्रत्येक भागामागे रेझिनचा जाड ठोकळा आहे. सुरुवात कुठून करू? (वाचक, नाशिक)

उत्तर : विमान तुमच्या गावचंच. हवाई दलाने १२५ बिस विमानांची बायसन केली आणि त्यातलं बहुतेक काम नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल कारखान्यात झालं. बाहेरून चटकन ओळखू येणारा फरक विंडस्क्रीनचा. बिसला मधे सपाट जाड काच आणि दोन बाजूंना चौकटी असतात, तर बायसनला एकच वाकवलेली काच.

आधी सगळे भाग धुवा. भाग साच्यातून सुटावा म्हणून साच्याला तेलकट मोल्ड रिलीज लावलेलं असतं. ते राहिलं तर गोंद धरत नाही आणि रंग मास्किंग टेपबरोबर सोलून येतो. कोमट पाण्यात भांड्यांचं लिक्विड टाका, दहा-पंधरा मिनिटं भाग बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. खाली गाळणी धरायला विसरू नका, बारीक भाग मोरीत गेला तर तो संपला.

मग ठोकळा. भाग आणि ठोकळा जिथे जुळतात त्या रेषेवर करवत लावू नका, अर्धा ते एक मिलिमीटर ठोकळ्याच्या बाजूने कापा. बारीक दातांची करवतही थोडी सरकतेच, आणि कापलेलं रेझिन परत लावता येत नाही. जेटपाइप एका बाजूने आरपार कापला तर शेवटच्या क्षणी कडेचा टवका उडतो. तो फिरवत फिरवत चहूबाजूंनी खाच पाडा आणि मग कापा. उरलेलं काचेवर चिकटवलेल्या ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर, पाण्यात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत घासा. दर दहा घासण्यांनी भाग पाव फेरी वळवा, कारण बोटाचा दाब एका बाजूला जास्त पडतो आणि पृष्ठभाग तिरका होतो. शेवटी कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी झिल्ली उरते. ती दिसली की थांबा आणि ब्लेडच्या टोकाने काढा.

कोरडं घासू नका. रेझिनची धूळ फुफ्फुसात जाण्याजोगी बारीक असते. पाणी वापरा, करवतीच्या कामाला एन-९५ मास्क लावा.

प्रश्न : टब बसवला की विमानाच्या अंगाचे दोन अर्धे मिटत नाहीत. जोर लावला तर पुढच्या बाजूला दीड मिलिमीटर फट राहते. टब घासून लहान करू का? (वाचक, ठाणे)

उत्तर : टब शेवटी. आधी किटच्या प्लास्टिकला पातळ करा. या संचांच्या जोडणीत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, आणि घाई केली की विमान इथेच बिघडतं.

टब कुठे अडतो ते आधी शोधा. त्याच्या बाहेरच्या अंगावर मार्कर पेन फिरवा, शाई ओली असतानाच गोंद न लावता जुळणी करा आणि उघडा. शाई जिथे आतल्या भिंतीला लागली तेवढीच जागा अडते. बहुतेकदा ती दोन-तीन ठिकाणीच असते : बाजूच्या पॅनेलची कड, टबाच्या तळाचा मागचा कोपरा, आणि डॅशबोर्ड जिथे टेकतो ती जागा. तिथलं प्लास्टिक गोल तोंडाच्या बरने (छोट्या ड्रिलला लागणारं खरवडायचं टोक) कमी वेगावर खरवडा. वेग वाढवला तर प्लास्टिक वितळून बरला गुंडाळतं. अधूनमधून तो अर्धा दिव्यासमोर धरा. भिंतीतून उजेड झिरपायला लागला की साधारण अर्धा मिलिमीटर उरला असं समजा. तिथे थांबा, नाहीतर बाहेरून बोट लागताच पॅनेल लाइन आत दबेल.

एवढं करूनही फट राहिली तर टबाच्या तळाची रेझिन कमी करा, बाजूंची नाही. बाजूंवर स्विच आणि लिव्हर असतात. टब खाली सरकला की सीट आणि कॅनॉपी यांचं अंतर तपासा. १/४८ मापात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानात ४८ मिलिमीटर, पायलटचं हेल्मेट काचेला लागेल.

बऱ्याच किटांत नाकातला कोनही अंग मिटण्याआधी बसवावा लागतो. सूचनापत्रात तो क्रम पाहून घ्या.

प्रश्न : रेझिन आणि प्लास्टिकचा जोड सुपरग्लूने भरला, घासला, रंगवला. आता रंगाखालून रेष उठून दिसते. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सुपरग्लू तुम्ही दुसऱ्या दिवशी घासला असणार. तो पूर्ण कडक झाला की प्लास्टिकपेक्षा कठीण होतो. घासताना आजूबाजूचं प्लास्टिक आधी झिजतं आणि मधे गोंदाची वरंबी राहते. गोंद आणि टाल्कम पावडर सारख्या प्रमाणात कालवून लापशी करा, भरा आणि तासाभराच्या आत घासा. पावडरीमुळे ती मऊ राहते. खाण्याचा सोडा मिसळला तर क्षणात दगड होतो, तो नको. बाजारातली लांबी वापरायची असेल तर थर पातळ ठेवा, ती सुकताना आक्रसते. प्लास्टिकचा पातळ सिमेंट मात्र इथे निरुपयोगी. तो पॉलिस्टायरीन वितळवून जोडतो, रेझिनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही.

घासल्यावर राखाडी प्रायमरचा एक हात मारा. जोड खपला की नाही ते प्रायमरच सांगतो, नजर नाही.

प्रश्न : पावसाळ्यात विंडस्क्रीन चिकटवली आणि काचेवर आतून पांढरं धुकं आलं. (वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : सुपरग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून पांढरी बसते, आणि कोकणात जुलैत ओलाव्याला तोटा नाही. काचेला सुपरग्लू लावूच नका. साधा पांढरा फेविकॉल टूथपिकने कडेला लावा. जास्त झाला तर ओल्या कापसाने पुसता येतो आणि सुकला की पारदर्शक होतो.

पातळ विंडस्क्रीन कापण्याआधी आतून मळण्याची माती दाबून भरा म्हणजे ती चुरगळत नाही. नव्या ब्लेडने हलक्या हाताने आठ-दहा वेळा रेघ ओढा. एका झटक्यात कापायला गेलात तर चीर भलतीकडे धावते.

प्रश्न : रेझिनचा जेटपाइप लावला आणि विमान शेपटीवर बसलं. नाकात किती वजन घालू? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : अंग मिटण्याआधी हा हिशेब केला असता तर बरं झालं असतं. मुख्य चाकांची रेषा म्हणजे टेकू. समजा जेटपाइपने वाढलेलं वजन ६ ग्रॅम आहे आणि ते टेकूच्या मागे ५० मि.मी. आहे : ६ गुणिले ५० म्हणजे ३००. नाकातली जागा टेकूच्या पुढे ९० मि.मी. असेल तर ३०० भागिले ९०, म्हणजे ३.३ ग्रॅमने बरोबरी होते. थोडं वरचढ, ५ ग्रॅम घाला. शक्य तितकं पुढे ठेवा, कारण अंतर घटलं की वजन वाढवावं लागतं. चिकटपट्टीने सगळं विमान तात्पुरतं जोडून पेन्सिलवर तोलून पाहा.

मासेमारीची शिशाची वजनं स्वस्त मिळतात, पण ती फेविकॉलने चिकटवू नका. त्या गोंदातल्या आम्लाशी शिशाची क्रिया होते, पांढरी पूड फुगते आणि काही वर्षांनी अंगाचे जोड फाटतात. ॲराल्डाइट वापरा, किंवा सरळ सायकलच्या बेअरिंगच्या पोलादी गोळ्या घाला.

प्रश्न : नाकावरची पिटो नळी (विमानाचा वेग मोजायला हवेचा दाब घेणारी) दर वेळी मोडते. (वाचक, पुणे)

उत्तर : इंजेक्शनची सुई लावा. टोक कापून बोथट करा, नाकाला त्याच जाडीचं भोक पाडा आणि सगळ्यात शेवटी बसवा. बिसची पिटो वर, किंचित उजवीकडे असते, मधोमध नाही.

प्रश्न : याच बायसनच्या संचातून १९७१ च्या युद्धातलं मिग होईल का? (वाचक, सातारा)

उत्तर : नाही. तेव्हाचं विमान मिग-२१ एफएल. त्याच्या पाठीचा कणा बारीक आहे, कॅनॉपी पुढे बिजागरी असलेली आहे, आणि अंगात तोफ नाही. तोफ लागली तर पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड. एफएलचंच किट घ्या. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर हल्ला करणारं विमान करायचं असेल तर पंखांखाली ५७ मि.मी. रॉकेटचे पॉड लावा. बायसनचे डिस्पेन्सर (क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर सोडणाऱ्या पेट्या) पुढच्या विमानासाठी डबीत ठेवा.