सोलापुरात महामार्गाविरुद्ध ग्रामसभेने ठराव केलाय, मग शेतकऱ्याने वेगळी हरकत द्यावी लागते का?

हो, द्यावीच लागते, आणि प्रत्येक खातेदाराने आपापल्या गटासाठी द्यावी. राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ मध्ये गावाची संमती ही अटच नाही, त्यामुळे ठराव कितीही एकमुखी असला तरी तेवढ्याने संपादन थांबत नाही. कलम ३सीप्रमाणे ३ए अधिसूचना (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी) प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत लेखी हरकत गेली, की सक्षम प्राधिकाऱ्याला (बहुधा प्रांत) तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं; वकीलही नेता येतो. नुसतं ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहू नका. विहीर कुठे जाते, पाइपलाइन कुठे तुटते, पलीकडे राहिलेल्या तुकड्यात ट्रॅक्टर कुठून न्यायचा, ओढ्याचं पाणी कुठे तुंबेल, हे सातबारा आणि नकाशा जोडून मांडा. ठरावाची प्रतही लावा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. ३डी, म्हणजे संपादनाची अंतिम घोषणा, निघाली की जमीन केंद्राकडे जाते. मग भांडण उरतं ते मुख्यतः मोबदल्याचं. मात्र हे सुरत–चेन्नईसारख्या राष्ट्रीय महामार्गापुरतं. शक्तिपीठ महामार्ग राज्याचा प्रकल्प आहे, त्याला महाराष्ट्र महामार्ग अधिनियम लागतो; तेव्हा नोटिशीवरचा कायदा आणि मुदत आधी वाचा.